सरावातला पालक

दार न वाजवता एक माणूस आत शिरला आणि टेबलावर वही आपटून म्हणाला, "माझ्या मुलीला आठ दिवस मागच्या बाकावर एकटीला बसवलंय. इथे मुख्याध्यापक कोण आहे?"

खुर्चीतल्या बाई मनातल्या मनात हसल्या. या शाळेतल्या त्यांच्या मुख्याध्यापकपदाच्या प्रशिक्षणाचा हा शेवटचा दिवस. कोपऱ्यात बसलेल्या मार्गदर्शक मॅडम दर आठवड्याला कुणाला तरी चिडका पालक बनवून पाठवायच्या. आजचा माणूस झकास निवडला होता. शर्टावर रंगाचे शिंतोडेसुद्धा होते.

खऱ्या पालकापुढे बाईंची दातखीळ बसायची. मागच्या महिन्यात एक आई ओरडली, तेव्हा त्यांनी घाबरून नियमांची पुस्तिका पुढे केली होती. पुन्हा तसं झालं तर शाळा मिळणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. पण हा तर सराव. सरावाला कशाला घाबरायचं?

"बसा," बाई म्हणाल्या. "सगळं सांगा. मी मधे बोलणार नाही."

तो बोलत राहिला. बाई ऐकत राहिल्या. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

"घरी आली की बोलतच नाही हो ती."

"हे मला आधीच कळायला हवं होतं. चूक आमची आहे. मधल्या सुट्टीत मी स्वतः तिला भेटते आणि संध्याकाळी तुम्हाला फोन करते."

त्याने कागदावर नंबर लिहून दिला आणि निघून गेला.

"कुठून शोधलात हो याला?" बाईंनी विचारलं. "शेवटी डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी नाही पाठवला. आज आमचे हे यायचे होते. ते अजून बसथांब्यावरच ताटकळतायत."

बाईंनी टेबलावरची वही उघडली. गिरवलेली अक्षरं, खाली मुलीचं नाव, दुसरी ब. त्यांना एकदम हसू फुटलं. महिनाभर छातीवर बसलेला दगड उतरला होता.

दार वाजलं. तोच माणूस उंबऱ्यात उभा होता, आता जरा ओशाळलेला.

"वही राहिली."

मॅडमनी पर्स उचलली. "मी जरा आमच्या यांना फोन करून येते. घरी जा म्हणावं." त्या बाहेर पडल्या आणि दार ओढून घेतलं.

आता हा सराव नव्हता. त्यांनी वही त्याच्या हातात दिली आणि समोरची खुर्ची ओढली.

"बसा ना. तिला काय आवडतं, ते विचारायचं राहूनच गेलं."