गुप्ततेवरचं व्याख्यान

बावीस वर्षं कॉम्प्युटरवर औषधांचे रेणू जुळवत बसल्यावर एक कामाचा रेणू हाती लागला, आणि नेमका तोच दुसऱ्या विद्यापीठाने आमच्याआधी छापला. बातमी कुणी फोडली, हे शोधायची मला गरजच वाटली नाही. त्या रेणूवर काम करणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी.

मी तिच्या वहीची पानं मोजली, पेनड्राइव्ह काढून घेतला, पासवर्ड बदलला. फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलायची, तेही तारखेनिशी लिहून ठेवलं.

"सर, आई असते हो फोनवर," ती म्हणाली.

दुसरं काय सांगणार होती?

चौकशी समितीपुढे ती मान खाली घालून बसली होती. दोष सिद्ध झाला असता तर तिची पाच वर्षं पाण्यात गेली असती. 'मला कुणी बजावलंच नव्हतं' असं तिला म्हणता येऊ नये, म्हणून मी पुरावाच आणला होता: संशोधनातल्या गुप्ततेवर मी गेल्या वर्षी दिलेलं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं ऑनलाइन व्याख्यान. ते पडद्यावर लावलं आणि आवाज चांगला मोठा केला.

पण माझं बोलणं कुणी ऐकतच नव्हतं. सगळे एकदा पडद्याकडे आणि एकदा समोरच्या, त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या छापील शोधनिबंधातल्या आकृतीकडे बघत होते.



पडद्यावर मी तळमळून बोलत होतो, आणि माझ्या मागच्या फळ्यावर, माझ्याच हातानं काढलेला, तो अख्खा रेणू होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुसू नका.'