पळसाच्या फाट्यावरचा बाण

नऊ जण हरवल्याचे दुपारी दोनला कळले. सकाळी आसेगावहून पायी निघालेली ही वाशीमची मंडळी बारापर्यंत जेवायच्या ठिकाणी पोचायला हवी होती. पायवाटेच्या मंडळातला राजपाल तिथे भाकरी आणि झुणका झाकून बसला होता. त्यांचे फोन लागत नव्हते. शेवटी त्याने सुकेशनीला बोलावून घेतले.

वाशीम ते पोहरादेवी ही तीन दिवसांची पायवाट वीस-पंचवीस लोकांनी दर रविवारी फावडे मारून तयार केली होती. सुकेशनी त्या मंडळाची प्रमुख. ती शाळेत शिकवायची. माणसे हरवलेली तिला चालत नसत.

दोघे मोटारसायकलने शोधत निघाले. नऊच्या नऊ जण मदनसिंगच्या शेतात सापडले. ते उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होते आणि मदनसिंग त्यांना झापत होता.

"डोये नाईत का तुमाले? वाट तिकडं, तुमी इकडं! घ्या, अजून घ्या शेंगा. उरल्या तं मी काय करू?"

सुकेशनीला पाहताच तो तिच्यावर घसरला.

"मॅडम, हे काय लावलं तुमी? दसऱ्यापासून रोज कोनी ना कोनी येऊन राह्यलं. मी एकटा मानूस, कोनाकोनाले पानी पाजू? कोन्या गाढवानं काढला तो फाट्यावरचा बाण? पयले खोडा त्याले."

मदनसिंगची बायको रुपाबाई श्रावणात गेली. तीही मंडळात होती. ती गेल्यापासून तो तांड्यात फक्त झोपायला जाई. मंडळाचे लोक भेटायला आले, तेव्हा तो तासभर मान खाली घालून बसला होता. एक शब्द बोलला नव्हता. आज त्याचा आवाज फाट्यापर्यंत जात होता.

सुकेशनीने पिशवीतून तारेचा ब्रश काढला. तिघे पळसाच्या फाट्यावर गेले. दगडावर पांढरा बाण होता. त्याचे टोक सरळ मदनसिंगच्या शेताकडे होते. राजपालने अंगठा ओला करून घासला. अंगठा कोराच राहिला.

"मॅडम, हे तं निंगून नाई राह्यलं."

मंडळाचे बाण चुन्याचे असत. पावसाळ्यात ते धुऊन जात आणि दरवर्षी पुन्हा काढावे लागत. एकटी रुपाबाई चुन्यात बाभळीचा डिंक कालवायची. तिचे बाण जात नसत.

"काकू चुकल्या असतीन," राजपाल हळूच म्हणाला.

"ते चुकन?" मदनसिंग भडकला. "लहानपनापासून पायी जाये पोहरादेवीले. डोये बांधून गेली असती."

"मग परतीचा बाणही असेल," सुकेशनी म्हणाली. "माणूस वाटेवरून आत वळवला, की त्याला परत वाटेवर नेणारा बाण काढायचा, असा मंडळाचा नियम आहे. काकूंनी नियम कधी मोडला नाही."

ते शेतात परतले. बांध पाहिला, विहीर पाहिली, आंब्याचे खोड पाहिले. शेंगा संपवून ते नऊ जणही शोधायला लागले. बाण सापडेना. मदनसिंग दमला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. खोपटाच्या दाराशी, वळचणीखाली एक सपाट दगड होता. त्यावर चौघडी केलेली गोधडी होती.

ही गोधडी रुपाबाईनेच ज्येष्ठात तिथे टाकली होती. त्याच दिवशी तिने त्याच्याकडून लिंबाखाली रांजण पुरून घेतला होता. "दोन मानसाले रांजन कायले?" तो कुरकुरला होता. "लागन," ती म्हणाली होती आणि हसली होती. तेव्हा तिला दुखणे कळलेले होते. त्याला नव्हते.

"काकाजी, जरा उठा," सुकेशनी म्हणाली.

"इथं काई नाई. ते गोधडी मी हलवली नाई अजून."

सुकेशनी तिथेच उभी राहिली. मग तो उठला. गोधडी त्याने स्वतःच्या हातांनी उचलली.

खाली पांढरा स्वच्छ बाण होता. टोक तुरीच्या पलीकडे, पोहरादेवीच्या वाटेकडे.

राजपालला आधी हसू फुटले. "म्हंजे काकूनं नियमही पाळला, अन् वरून गोधडीही टाकली! काकाजी, तुमाले इचारल्याबिगर इथून कोनी जाऊच शकत नाई."

मदनसिंगने रांजणाकडे पाहिले. नऊ जणांनी तो तळाला नेला होता.

सुकेशनीने ब्रश पुढे केला. "फाट्यावरचा खोडायचा ना, काकाजी?"

मदनसिंगने ब्रश घेऊन खोपटाच्या वळचणीत खोचला. गोधडी होती तशी चौघडी केली, दगडावर टाकली आणि तिच्यावर बसला.

"माह्या बायकोचं काम हाय. मीच खोडीन," तो म्हणाला. मग त्या नऊ जणांकडे वळला. "तुमी कायले उभे? बसा. कोन्या गावचे म्हने तुमी?"

मंडळाच्या रविवारच्या कामांच्या यादीत तेव्हापासून पहिली ओळ तीच आहे: पळसाच्या फाट्यावरचा बाण खोडणे, मदनसिंग. ते काम अजून झालेले नाही.