मोरजीचा बॉलर

मोरजीचा बॉलर साईश आपल्या टीममध्ये घ्यावा की नाही, यावरून हरमलच्या हॉटेलात भाजीपाव खाता खाता वाद पेटला होता. यंदा सगळ्यांनीच त्याला धुतलं होतं, तरी कॅप्टन सगुणला तो हवाच होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा अनोळखी म्हातारा म्हणाला, "नका रे घेऊ त्याला. खांदा गेलाय त्याचा."

सगुणला संशय आला. हा नक्कीच पेडणेवाल्यांचा माणूस. आपण साईशला सोडला, की तेच उचलणार!

"काका, खरं सांगा, कोणी पाठवलं तुम्हाला?" त्याने दरडावून विचारलं.

"कोणी नाही, बाबा. कितीही दुखलं तरी तो खेळायला नाही म्हणायचा नाही, म्हणून मीच आलो.

बाप आहे मी त्याचा."