ब्रेकमधली हवा

"दाबा आई. सावकाश. आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

क्रांतीचा आवाज व्हॅनच्या पोटाखालून आला. सोनाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला. पाय गपकन खाली गेला, लावणीच्या चिखलात जावा तसा.

सुनेनं ही व्हॅन घेतली तेव्हा घरात सर्वांत जास्त तोंड सोनाबाईचंच वाजलं होतं. आजवर ती हिच्यात बसलीच तर मागे, दाराला घट्ट धरून. आज घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती.

"खाली काय होतंय गो?"

"हवा निघतेय."

"शिरली कुठनं?"

"ब्रेकच्या तेलाचे जुने पाईप खाऱ्या वाऱ्यानं गंजले होते. नवे टाकताना आत हवा गेली. सोडा आता."

नवे पाईप क्रांतीनं काल मोबाइलवर बघून बघून स्वतःच बसवले होते. दुपारी शाळा सुटली की दहा-बारा पोरं घेऊन तिला काशीदचा उतार उतरायचा होता.

"थोडी ऱ्हायली आत, तर काय बिघडतंय?" सोनाबाईचं संपेना.

"हवा दबते, तेल दबत नाही. आत हवा असली की आपण नुसती तीच दाबत बसतो. चाकापर्यंत जोर पोचत नाही."

सोनाबाईनं पाय नीट रोवला. दाबलं, धरलं, सोडलं. पुन्हा दाबलं. हळूहळू पायाखाली काहीतरी घट्ट होत गेलं आणि शेवटी पाय अर्ध्यावरच अडला.

"झालं!" क्रांती केस झटकत बाहेर आली. "उतरा आई. चाक लावते आणि निघते."

सोनाबाई उतरली, पण घराकडे वळली नाही. "मला बघायचं हाय."

"काय? हवा निघाली की."

"मग निघाली ती जागा दाव. सकाळपासनं दाबतेय मी, आन् खाली काय झालं ते बघितलंच न्हाय."

क्रांती काही बोलायच्या आत सासू गोणपाटावर आडवी होऊन गाडीखाली सरकलीसुद्धा. हसू आवरत क्रांती वर बसली आणि तिनं ब्रेक दाबला.

चाकापासून बाटलीत सोडलेल्या नळीत काही हललं नाही. पण तिच्या वर, नवा पाईप जिथं जोडला होता तिथं, काहीतरी चमकलं.

"हे काय टपकतंय?"

"मघाशी सांडलं असेल."

सोनाबाईनं पदरानं ती जागा कोरडी केली. "सोड. आता परत दाब."

पुसल्या जागी नवा थेंब फुगला आणि नटाच्या कडेनं घरंगळला.

"सांडलेलं न्हाय गो. आतनं येतंय."

क्रांती उतरून खाली वाकली. नटाला पाना लावला तर तो जवळजवळ अर्धा फिरला. तिचा हात पान्यावरच राहिला.

"हा मीच बसवलाय, आई. उतारावर जर..."

"आता बसला न्हवं घट्ट?"

"बसला. पण पुन्हा सगळी हवा काढायला लागेल. तोवर शाळा सुटेल."

"बाईंना फोन कर. बसतील पोरं घटकाभर."

क्रांतीनं फोन केला. परत येऊन बघते तर सासू तशीच आडवी, बाटली हातात धरून.

"वर तूच बस," सोनाबाई म्हणाली. "नळी लावलेला हा हवेचा नट उघडायचा कसा, मिटायचा कसा, तेवढं दाखव."

क्रांतीनं दाखवलं, दोनदा करून घेतलं आणि वर जाऊन बसली.

"दाब," खालून आवाज आला. "धर तस्साच."

सोनाबाईनं पाना फिरवला. नळीतून एक टपोरा बुडबुडा सरकत गेला. मागून दोन आले. मग मोहरीएवढे, एकामागून एक. ती श्वास रोखून बघत होती. हळूहळू नळीत नुसतं पिवळसर तेल उरलं.

"संपली का हवा?" क्रांतीनं वरून विचारलं.

"थांब. अजून एकदा दाब."

सोनाबाईनं डोळे अगदी नळीजवळ नेले आणि पुढच्या बुडबुड्याची वाट बघत राहिली. तो आला नाही.