जवारी

"तारांखालच्या घोडीला कानस लावण्याआधी तंबोऱ्याच्या भोपळ्याला कपाळ टेकव. कान फसतो, हाड फसत नाही," घोडी घासून तारांचा नाद खुलवायची जवारी शिकवताना बाबा सांगायचे.

गुरुवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं. नादाचा अभ्यास करायला आलेल्या प्राध्यापक शेवड्यांनी आवाज मोजायच्या यंत्रावरची रेघ बघून स्वतःच कानस उचलली. थांबा म्हणून मी हात जोडले. त्यांनी हसून नमस्कार केला आणि घोडी घासून टाकली.

बाराला मौन सुटलं, तेव्हा तंबोरा बद्द वाजत होता.

"हे काय केलंत?"

"ताई, रेघ तर बरोबर आलीय. तुम्ही अडवलंही नाहीत!"

"हात जोडले होते ना? देव समजून जोडले, असं वाटलं तुम्हाला?" मी ओरडले.

संध्याकाळी कीर्तनाला तंबोरा देते, असा अनुसयाबाईंना शब्द दिला होता. जेवणाचं ताट झाकलं आणि नव्या घोडीसाठी शिसवाचा तुकडा करवतीखाली धरला.