गावाचं दुकान

दोनशे उंबऱ्यांच्या त्या इंग्लिश खेड्यातलं एकुलतं एक दुकान बंद होणार होतं, म्हणून अख्खा गाव सभागृहात जमला. लेकीकडे राहायला आलेल्या कुमुदबाई मागे बसल्या होत्या.

नव्वदीच्या मिसेस डॉसन उठल्या. "हे सभागृह आमच्या आयांनी युद्धानंतर स्वतः विटा वाहून बांधलं. शाळा बंद पडत होती, तीही आपणच राखली. दुकानही पाळीपाळीने आपणच चालवू. पण दुकानदारी येते कुणाला?"

चिपळुणात कुमुदबाईंनी तीस वर्षं किराणा दुकान चालवलं होतं. मोडक्या इंग्रजीची भीड सोडून त्यांनी हात वर केला. "मी शिकवते."

सोमवारी सातला त्यांनी दुकान उघडलं, तेव्हा अकरा जण शिकायला दारात उभे होते. सर्वांत पुढे खुद्द पाद्रीबुवा होते, बाह्या सरसावून.