तळ्याची माती

तळं आटलं, तेव्हा त्यातलं पाणगवत तरी जगावं म्हणून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन धोंडीराम यांनी ऑफिसात काचेची टाकी मांडली.

"तळाला पाकिटातली माती घ्या," टाकी बसवायला आलेला दुकानदार म्हणाला. "अन् लाइट आठ तासच लावा. उजेड जास्त झाला की शेवाळ धरतं."

"माती आमच्या तळ्याचीच टाक बाबा," धोंडीराम थकून म्हणाले. "अन् उजेडाचं नको सांगू. उन्हानंच तर तळं गिळलं."

टँकरच्या पाण्यात गाळातून हिरवे कोंब आले, त्या दिवशी म्हातारी पारूबाई आली. दरसाल पहिलं जाळं टाकण्याआधी तळ्याची ओटी तीच भरायची. दारात चपला काढून तिनं टाकीपुढं खण-नारळ ठेवला.

"मावशे, हितं मासे न्हाईत," धोंडीराम म्हणाले.

"ठावं हाय. पर औंदा पाणी हितंच हाय."